खोलीवर जेवण मागवायचं इंग्रजी: ते काय विचारतील आणि आपण काय सांगायचं

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज इथून कितीतरी मंडळी मशीन बसवायला, ट्रेनिंगला, ऑडिटला म्हणून मिशिगन-ओहायोकडे जातात. मीही त्यांच्यातलाच. दिवसभर कारखान्यात इंग्रजीत काम बिनबोभाट होतं, कारण ड्रॉइंग समोर असतं आणि विषय ओळखीचा असतो. संध्याकाळी हायवेलगतच्या हॉटेलात परत आलं की बाहेर बर्फ, हाताशी गाडी नाही आणि पोटात कावळे. तरी टेबलावरचा फोन उचलायला हात धजत नाही. बरेच जण मग बॅगेतल्या चिवड्यावर रात्र काढतात.

यात इंग्रजी कच्चं असण्याचा भाग थोडाच. माणूस स्वतःची वाक्यं घोकून फोन करतो, ती म्हणतो, आणि पलीकडून भराभर प्रश्न सुरू झाले की गडबडतो. खरं तर हा फोन सगळीकडे जवळपास ठरलेल्या क्रमानं चालतो. त्यांचे प्रश्न आधी माहीत असले की उत्तराला दोन-तीन शब्द पुरतात, आणि व्याकरण चुकलं तरी जेवण येतं. म्हणून इथे भर त्यांच्या प्रश्नांवर आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली आहेत. ब्रिटनमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलंय.

हाताशी काय ठेवायचं

- खोलीचा नंबर. चावीच्या कार्डावर तो सहसा छापलेला नसतो. कार्ड ज्या कागदी पाकिटात मिळतं त्यावर लिहिलेला असतो. पाकीट खोलीतच ठेवा, कार्डाबरोबर खिशात घेऊन फिरू नका.
- बुकिंग ज्या आडनावावर आहे ते आडनाव, पासपोर्टवरच्या स्पेलिंगसह.
- पेन आणि कागद. ऑर्डर आधी लिहून काढा.
- एक आणि पाच डॉलरच्या थोड्या नोटा.
- परदेशात चालणारं कार्ड. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात, ते घरूनच करून निघा.

१. आधी विचारा, सोय आहे का

सगळ्याच हॉटेलांत खोलीवर जेवण मिळत नाही. हॅम्प्टन इन, हॉलिडे इन एक्सप्रेस अशा मधल्या दर्जाच्या साखळी हॉटेलांत नाश्ता भाड्यातच असतो, पण रात्रीचं जेवण खोलीवर आणून देण्याची सोय सहसा नसते. मोठ्या हॉटेलाचाही भरवसा नाही. न्यूयॉर्कच्या हिल्टन मिडटाउन या जवळपास दोन हजार खोल्यांच्या हॉटेलानं २०१३ मध्ये रूम सर्व्हिस बंद केली होती. तेव्हा चेक-इन करतानाच तीन वाक्यं विचारून घ्या:

"डू यू हॅव रूम सर्व्हिस?"
"हाऊ लेट इज द किचन ओपन?" म्हणजे किचन रात्री किती वाजेपर्यंत चालू असतं.
"कॅन आय चार्ज मील्स टू माय रूम?" म्हणजे जेवणाचं बिल खोलीच्या खात्यावर टाकता येईल ना.

तिसरं वाक्य कंपनीच्या खर्चानं जाणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं. कंपनीनं फक्त भाडं भरलेलं असेल आणि तुम्ही स्वतःचं कार्ड दिलेलं नसेल, तर खोलीच्या खात्यावर काही टाकू देत नाहीत. हे रात्री नऊ वाजता कळण्यापेक्षा काउंटरवर कळलेलं बरं.

बऱ्याच ठिकाणी या सोयीला 'इन-रूम डायनिंग' म्हणतात आणि फोनच्या बटणावरही तेच लिहिलेलं असतं. बटण सापडलं नाही तर शून्य दाबा आणि म्हणा, "कुड यू कनेक्ट मी टू रूम सर्व्हिस, प्लीज?" हल्ली मेन्यूच्या पुस्तकाऐवजी टेबलावर क्यूआर कोडही असतो. त्यावरून ऑर्डर देता येत असेल तर बोलायचा प्रश्नच मिटला.

२. मेन्यू वाचताना ओळखीचे शब्द जास्त फसवतात

अनोळखी शब्द आपण गूगलवर बघतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाबाबत तेवढी खबरदारी घेत नाही आणि तिथेच गोची होते.

'चिली' मागवलीत तर मिरची येणार नाही; बहुतेक वेळा बीफचा खिमा आणि राजम्याचं दाट कालवण येईल. 'हॅम्बर्गर'मध्ये हॅम नसतं, बीफ असतं. 'फ्रेंच ओनियन सूप'च्या नावात फक्त कांदा आहे, पण ते एरवी बीफच्या स्टॉकमध्ये शिजवतात. 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही'तलं बिस्किट हा खारा, मऊ पाव असतो आणि पांढऱ्या ग्रेव्हीत डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. 'चिप्स' म्हणजे अमेरिकेत बटाट्याचे वेफर्स, तर ब्रिटनमध्ये जाड फ्रेंच फ्राइज. 'सोडा' म्हणजे कोक-पेप्सी. आपला सोडा हवा असेल तर 'क्लब सोडा' म्हणा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नुसतं 'टी' म्हटलंत तर बर्फ घातलेला चहा येतो, म्हणून 'हॉट टी' म्हणायचं. मेन्यूत 'आँत्रे' या मथळ्याखाली मुख्य जेवण असतं. सुरुवातीचे पदार्थ 'ॲपेटायझर्स'खाली, ब्रिटनमध्ये 'स्टार्टर्स'खाली.

उलट, आपले रोजचे काही इंग्रजी शब्द तिकडे कळत नाहीत:

- कर्ड: प्लेन योगर्ट
- कॅप्सिकम: अमेरिकेत बेल पेपर, ब्रिटनमध्ये नुसतं पेपर
- ब्रिंजल: अमेरिकेत एगप्लांट, ब्रिटनमध्ये ओबर्जीन
- लेडीज फिंगर: ओक्रा
- कोथिंबीर: अमेरिकेत सिलँट्रो, ब्रिटनमध्ये कोरिअँडर
- पार्सल: अमेरिकेत टू गो, ब्रिटनमध्ये टेकअवे
- काटे-चमचे: अमेरिकेत सिल्व्हरवेअर, ब्रिटनमध्ये कटलरी
- टिश्यू पेपर: नॅपकिन्स
- प्युअर व्हेज: हा शब्दप्रयोग तिकडे नाहीच, त्याबद्दल पाचव्या पायरीत

३. फोन उचलल्यावर

पलीकडून येतं, "इन-रूम डायनिंग, हाऊ मे आय हेल्प यू?" पुष्कळदा तुमचं आडनावही घेतात. दचकू नका, त्यांच्या स्क्रीनवर ते दिसत असतं. तुम्ही म्हणायचं:

"हाय, आय वुड लाइक टू ऑर्डर डिनर, प्लीज."

'आय वॉन्ट' किंवा 'गिव्ह मी' हे व्याकरणात बसतं, पण तिकडच्या कानाला हुकूम सोडल्यासारखं लागतं. 'कॅन आय गेट' आणि 'आय विल हॅव' या दोन सुरुवातींवर अख्खं जेवण मागवता येतं.

*"मे आय हॅव युवर रूम नंबर?"* अंक सुटे सुटे सांगा: "वन, फाइव्ह, झीरो, सेव्हन." फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. 'डबल फाइव्ह' ही आपली सवय अमेरिकेत कळेलच असं नाही, "फाइव्ह, फाइव्ह" म्हणा. नाव विचारलं तर स्पेलिंग 'ॲज इन' लावून सांगा: "व्ही ॲज इन व्हिक्टर", "डी ॲज इन डेव्हिड", "के ॲज इन किंग". क्षीरसागरांनी थोडा वेळ हाताशी ठेवावा.

*"व्हॉट कॅन आय गेट फॉर यू?"* आता कागदावरून वाचा. "आय विल हॅव द व्हेजी बर्गर. अँड कॅन आय गेट द टोमॅटो सूप?" प्रत्येक पदार्थामागे एखादा उपप्रश्न ठरलेला. बर्गर म्हटलं की "दॅट कम्स विथ फ्राइज ऑर अ साइड सॅलड" असं म्हणून ते गप्प बसतात. वाक्य प्रश्नार्थी नसलं तरी तो प्रश्नच आहे. दोन्हींतलं एक निवडून सांगायचं. सॅलड म्हणालात की "व्हॉट काइंड ऑफ ड्रेसिंग?" आणि चार-पाच नावं धडाधड. रँच हे पांढरं, मेयोनीजवालं, त्यामुळे त्यात सहसा अंडं असतं. सीझरमध्ये मासा असतो. "बाल्सॅमिक व्हिनेग्रेट" आंबट-गोड असतं. काहीच कळलं नाही तर "ऑइल अँड व्हिनेगर, ऑन द साइड" म्हणून सुटका करून घ्या.

हे 'ऑन द साइड' आवर्जून लक्षात ठेवा. सॉस, चीज, लोणी, ड्रेसिंग काहीही वेगळ्या वाटीत येतं. आवडलं तर घ्या, नाहीतर राहू द्या. सँडविचला "व्हाइट, व्हीट ऑर राय?" विचारतील, तो पावाचा प्रकार. मांस खाणाऱ्यांना "हाऊ वुड यू लाइक दॅट कुक्ड?" विचारतील, आत लालसर नको असेल तर "वेल डन".

*"एनिथिंग टू ड्रिंक?"* "जस्ट वॉटर, प्लीज." यावर "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" (साधं की बुडबुड्यांचं) आलं तर सावध व्हा, दोन्ही बहुधा विकतच्या बाटल्या असतात. "टॅप वॉटर इज फाइन" म्हटलं की नळाचं पाणी. भर थंडीतही ग्लास बर्फानं भरून आणतात, तेव्हा पुढे "नो आइस, प्लीज" जोडा.

*"एनी ॲलर्जीज ऑर डायटरी रिस्ट्रिक्शन्स?"* शाकाहार सांगायची हीच जागा. तपशील पाचव्या पायरीत.

*"हाऊ मेनी पीपल इज धिस फॉर?"* खोलीत कोण कोण आहे याची ही चौकशी नव्हे. त्यांना काटे-चमचे मोजायचे असतात. सहकाऱ्याबरोबर वाटून खाणार असाल तर बिनदिक्कत "टू" सांगा.

*"वुड यू लाइक टू चार्ज दॅट टू युवर रूम?"* "यस, प्लीज."

मग ते ऑर्डर वाचून दाखवतात. हातातल्या कागदाशी ताडा. शेवटी "एनिथिंग एल्स?", "इज दॅट एव्हरीथिंग?" किंवा "आर यू ऑल सेट?" यांपैकी काहीतरी येतं. तिन्हींचा मतलब एकच, झालं का? "दॅट इज ऑल, थँक यू." त्यानंतर ते किती मिनिटं लागतील ते सांगतात, पाऊण तासाचा अंदाज धरून चाला.

मधे एखादा प्रश्न कळला नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?" असं विचारा. कळल्यासारखं करून "यस, यस" म्हणत सुटलात तर "वुड यू लाइक टू ॲड ॲव्होकाडो?" यालाही होकार जातो आणि प्रत्येक 'ॲड'चे वेगळे पैसे लागतात. शंका आली तर "इज देअर ॲन एक्स्ट्रा चार्ज फॉर दॅट?" विचारायला लाजू नका.

४. 'हो' कधी म्हणायचं

हा घोळ पुस्तकात सापडत नाही. ते विचारतात, "सो यू डोन्ट वॉन्ट ओनियन्स?" आपण मराठीत विचार करतो: हो, बरोबर, कांदा नको. आणि म्हणतो, "यस." त्यांच्या कानी पडतं: हो, कांदा हवा. नकारार्थी प्रश्नाला इंग्रजीत नकारच द्यायचा असतो. पण घाईत ते सुधरत नाही, म्हणून 'यस-नो' टाळून थेट सांगा: "दॅट इज राइट, नो ओनियन्स."

तसंच "वुड यू माइंड वेटिंग फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स?" म्हणजे थांबायला हरकत आहे का? हरकत नसेल तर उत्तर "नो". इथेही सोपी पळवाट आहे: "दॅट इज फाइन." आणि काही नको असताना ते लोक "आय ॲम गुड" म्हणतात. तुम्ही कोणाला काही विचारलंत आणि हे उत्तर आलं, तर त्याचा अर्थ 'नको'.

५. शाकाहार, उपास, ॲलर्जी

नुसतं "आय ॲम व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. तिकडच्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं आणि सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असलं तरी काहींना त्यात वावगं वाटत नाही. पूर्ण वाक्य असं:

"आय ॲम व्हेजिटेरियन. नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज. मिल्क अँड चीज आर फाइन."

शेवटचा तुकडा गाळू नका. नाहीतर ते तुम्हाला व्हीगन समजतात आणि लोण्याचा कणही नसलेल्या उकडलेल्या भाज्या पाठवतात. मेन्यूवर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो, 'व्ही' अक्षर असतं. ते कुठे व्हेजिटेरियनसाठी वापरतात, कुठे व्हीगनसाठी. खुलासा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. ज्यांना अंडं अजिबात चालत नाही त्यांनी व्हीगन खुणेचा पदार्थ निवडावा, त्यात दूध-चीजबरोबर अंडंही बाद असतं.

दिसायला शाकाहारी पण विचारूनच घ्यावेत असे पदार्थ: भाज्यांचं सूप आणि 'राइस पिलाफ' (दोन्हींत चिकन स्टॉक असू शकतो), 'रिफ्राइड बीन्स' (पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी), दक्षिणेकडच्या 'ग्रीन बीन्स' (त्यात बेकन टाकतात), मार्शमेलो आणि काही थंड गोड पदार्थ (जिलेटिन). विचारायची वाक्यं:

"इज द सूप मेड विथ चिकन स्टॉक?"
"इज देअर एनी मीट ऑर फिश इन द सॉस?"
"आर द फ्राइज कुक्ड इन द सेम ऑइल ॲज द चिकन?"

तिसऱ्याचं उत्तर पुष्कळदा "यस" येतं. ते चालवून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मांसाहारी असूनही बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांनी "इज देअर एनी बीफ ऑर पोर्क इन धिस?" विचारावं. पेपरोनी, प्रोशूटो, चोरिझो, बेकन या नावांत पोर्क लपलेलं असतं. बोलोनीज आणि मीटबॉल्समध्ये सहसा बीफ. हलाल बघणाऱ्यांसाठी "इज द चिकन हलाल?"

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना स्पष्टच सांगतो, तिकडचे सॉस आधीच करून ठेवलेले असतात, त्यातून लसूण काढता येत नाही. "प्लेन पास्ता विथ बटर, नो सॉस" किंवा "स्टीम्ड व्हेजिटेबल्स अँड प्लेन राइस, नो ओनियन, नो गार्लिक" एवढ्यावरच भागवावं लागतं. उपासाला "अ प्लेन बेक्ड पोटॅटो, बटर ऑन द साइड" आणि "अ फ्रूट प्लेट".

आणि ज्यांना चौथ्या दिवशी पिझ्झा-पास्ता बघवत नाही, त्यांच्यासाठी दहीभाताची युक्ती. मेन्यूवर नसला तरी 'साइड' म्हणून मागता येतो:

"कॅन आय गेट अ साइड ऑफ प्लेन व्हाइट राइस अँड अ बोल ऑफ प्लेन योगर्ट?"

दोन्ही ठिकाणी 'प्लेन' हवंच. पहिलं विसरलात तर भाताला लोणी-मसाला लागतो, दुसरं विसरलात तर व्हॅनिला किंवा स्ट्रॉबेरीचं गोड योगर्ट येतं. योगर्ट बहुधा ग्रीक पद्धतीचं, चक्क्यासारखं घट्ट असतं. वाटीत थोडं पाणी घालून काट्यानं फेटा, मग भातात कालवा. मीठ-मिरपुडीच्या पुड्या ट्रेमध्ये असतात, मेतकूट तुमच्या बॅगेत असेलच. तिखट हवं असेल तर "डू यू हॅव एनी हॉट सॉस ऑर रेड पेपर फ्लेक्स?" मात्र पापड भाजायचा मोह आवरा. खोलीतला धुराचा अलार्म वाजला तर अख्ख्या मजल्याला बाहेर काढतील.

ॲलर्जी खरोखर असेल तरच तो शब्द वापरा: "आय ॲम अलर्जिक टू पीनट्स. इट इज सिरियस." हे ऐकलं की किचन सहसा वेगळी भांडी, वेगळा चाकू घेतं. नुसती नावड असेल तर "नो मशरूम्स, प्लीज" पुरे. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं हॉटेलांवर बंधनकारक आहे. त्यांत शेंगदाणा, तीळ आणि मोहरीही येतात. तिथे बिनधास्त "कॅन आय सी द ॲलर्जन इन्फर्मेशन?" म्हणा.

६. नाश्ता: दाराला अडकवायचं कार्ड

ज्यांना फोनची धास्ती आहे त्यांनी सुरुवात इथून करावी, बोलावं लागत नाही. दाराच्या मुठीला अडकवायचं लांबट कार्ड खोलीत असतं. पदार्थांवर खुणा करायच्या, माणसं किती ते लिहायचं, वेळेचा चौकोन निवडायचा, नाव आणि खोली नंबर घालून रात्री बाहेरून मुठीला लावायचं. किती वाजेपर्यंत लावायचं ते कार्डावर छापलेलं असतं. उशीर झाला तर कार्ड सकाळी तसंच लोंबकळत राहतं.

अंड्यांचे प्रकार वाचून गोंधळ होतो. 'सनी साइड अप' म्हणजे आपलं हाफ फ्राय. 'ओव्हर ईझी' म्हणजे उलटवलेलं पण बलक पातळ, 'ओव्हर हार्ड' म्हणजे बलक पूर्ण शिजलेला. 'स्क्रॅम्बल्ड' म्हणजे भुर्जी, पण कांदा-मिरचीविना. अंडं न खाणाऱ्यांना 'ओटमील' बरं. दक्षिणेकडे 'ग्रिट्स' मिळतात, ती मक्याच्या भरडीची लापशी.

चहाची कथा वेगळी. टी बॅग, कोमट होत चाललेलं पाणी आणि थंड क्रीम असा संच येतो. कार्डावर सूचनांच्या जागी लिहा: "ब्लॅक टी, व्हेरी हॉट वॉटर, हॉट मिल्क ऑन द साइड." 'चाय लाटे' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते मसाल्याच्या वासाचं भलतंच गोड दूध असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच खोल्यांत कॉफीचं यंत्र असतं, किटली नसते. रिसेप्शनला विचारा: "कुड यू सेंड अप अ केटल, प्लीज?" मिळाली तर पुढचे सगळे दिवस सुखाचे.

७. दारावर टकटक झाली की

"रूम सर्व्हिस!" अशी हाक येते. दाराच्या भिंगातून बघा, कपडे सावरायचे असतील तर "जस्ट अ मिनिट, प्लीज!" म्हणा. आत आल्यावर विचारतील, "व्हेअर वुड यू लाइक धिस?" तुम्ही: "ऑन द डेस्क इज फाइन, थँक यू." तो जायच्या आत झाकणं उघडून बघा. चमचे आहेत का, सूप खरंच टोमॅटोचं आहे का, तेवढं.

मग येतो सहीचा फोल्डर. घाईत सही ठोकू नका. समजा पास्ता २४ डॉलरचा आहे. खाली 'डिलिव्हरी चार्ज' ५ डॉलर, 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'ग्रॅच्युइटी' (इथे अर्थ बक्षिशी) २० टक्के म्हणजे ४.८० डॉलर, वर साधारण ३ डॉलर टॅक्स. बेरीज ३७ च्या आसपास. त्याखाली 'ॲडिशनल टिप' अशी रिकामी ओळ असते, आणि तिच्याखाली 'टोटल'ची रिकामी ओळ. नवखा माणूस शिष्टाचार म्हणून पुन्हा पाच-सहा डॉलर लिहितो, म्हणजे बक्षिशी दोनदा जाते. शंका असेल तर सरळ विचारा:

"इज द ग्रॅच्युइटी इन्क्लूडेड?"

"यस" आलं तर टिपच्या ओळीवर आडवी रेघ मारा, खालच्या ओळीत छापील बेरीजच परत लिहा, मग नाव, खोली नंबर, सही. रिकामी ओळ कधी सोडू नका. ग्रॅच्युइटी नसेल तर तिकडे टिप द्यायलाच हवी, पंधरा ते वीस टक्के हा रिवाज आहे. जेवण आणून देणाऱ्या माणसाला वर दोन डॉलर हातात ठेवलेत तर कोणी नाही म्हणणार नाही. पण फक्त 'डिलिव्हरी चार्ज' बघून टिप दिली असं समजू नका, तो हॉटेलचा असतो. ब्रिटनमध्ये यालाच 'ट्रे चार्ज' म्हणतात. तिथे बिलावर 'डिस्क्रिशनरी' सर्व्हिस चार्ज असेल तर तो ऐच्छिक असतो, सेवा वाईट असेल तर "कुड यू टेक ऑफ द सर्व्हिस चार्ज, प्लीज?" म्हणता येतं.

जेवून झाल्यावर ट्रेसाठी फोन: "कुड समवन पिक अप द ट्रे, प्लीज?"

८. काही चुकलं तर

आवाज चढवायची गरज नाही, वाक्य मात्र स्पष्ट हवं.

"आय ऑर्डर्ड अबाउट ॲन अवर अगो अँड इट हॅजन्ट अराइव्ह्ड."
"धिस इज नॉट व्हॉट आय ऑर्डर्ड."
"आय आस्क्ड फॉर व्हेजिटेरियन, बट देअर इज चिकन इन धिस. कुड यू सेंड अप अ न्यू वन?"
"कुड यू टेक इट ऑफ माय बिल?"

अर्धं संपवून तक्रार केली तर ऐकणारे कमी. पहिल्या घासालाच फोन करा आणि ताट तसंच ठेवा.

९. खोलीवर सोय नसेल तर

मग ॲप. अमेरिकेत डोअरडॅश आणि उबर ईट्स, ब्रिटनमध्ये डिलिव्हरू, आखातात तलबात. लिफ्टला पुष्कळदा कार्ड लागतं, त्यामुळे डिलिव्हरीवाला वर येऊ शकत नाही. सूचनेत लिहा, "प्लीज कॉल, आय विल मीट यू इन द लॉबी." हॉटेलच्या पत्त्याखाली स्वतःचं नाव घाला, नाहीतर पाकीट काउंटरवर बेवारस पडतं. पैसे भरताना रुपयांत की डॉलरमध्ये असा पर्याय आला तर डॉलर निवडा, रुपयांच्या पर्यायात दर बहुधा महाग लावलेला असतो.

एक सापळा आवर्जून सांगायला हवा. दाराखालून पिझ्झ्याचा चकचकीत कागद सरकवलेला दिसतो. फोन करून कार्ड नंबर देता. पिझ्झा येत नाही, कार्ड मात्र कुठेतरी वापरलं जातं. रात्री उशिरा "धिस इज द फ्रंट डेस्क, वी नीड युवर कार्ड नंबर अगेन" असा फोन येतो तोही याच जातीचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दोन्हींबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. उत्तर एकच: "आय विल कम डाउन टू द डेस्क." फोन ठेवा आणि खाली जाऊन विचारा.

१०. निघताना

हॉटेल सोडायच्या आदल्या रात्री काउंटरवर सांगा, "कुड आय गेट ॲन आयटमाइज्ड बिल, प्लीज?" फक्त एकूण रक्कम असलेली पावती अकाउंट्सवाले परत पाठवतात. मिनीबारची ओळ नीट बघा. काही ठिकाणी फ्रिजमध्ये सेन्सर असतात आणि स्वतःची ताकाची बाटली ठेवायला तिथला कॅन हलवला तरी पैसे लागतात. "आय डिडन्ट हॅव एनिथिंग फ्रॉम द मिनीबार" म्हटलं की सहसा काढून टाकतात. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला गळ्यात कागद अडकवलेला असेल तर ती विकतची, उघडण्याआधी "इज धिस वॉटर कॉम्प्लिमेंटरी?" विचारा. बिअर घेतली असेल तर ती वेगळ्या बिलावर घ्या: "कुड यू पुट द बिअर ऑन अ सेपरेट चेक?" हे मात्र ऑर्डर देतानाच सांगायचं, नंतर वेगळं करून देतीलच असं नाही.